मोडेपर्यंत वजन टाका

शाळेतल्या पूल स्पर्धेचा व्हिडिओ आपल्या पेजवर टाकल्यापासून सोसायटीत बर्फाच्या पावतीसाठी येणारा प्रत्येक दुसरा माणूस एकच प्रश्न विचारतोय. पोरांनी तीन-तीन आठवडे खपून केलेले पूल, ते बादल्या लटकवून मोडले कशाला? एका आजीने तर आम्हाला चांगलंच फैलावर घेतलं. म्हणाल्या, "काचेच्या कपाटात ठेवायचे सोडून मोडलेत काय रे बाबांनो? आणि वर टाळ्या वाजवता?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र काउंटरवर उभ्या उभ्या देण्यासारखं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वेळ काढून वाचा.

आधी स्पर्धा काय होती ते सांगतो. आठवी ते दहावीची मुलं, चार जणांचा एक गट. प्रत्येक गटाला आईस्क्रीमच्या जास्तीत जास्त 100 काड्या, फेविकॉलची एक बाटली आणि सुती दोरा. बाकी काहीही चालणार नाही. खिळा नाही, सेलोटेप नाही, तार नाही. दोन टेबलांमध्ये 50 सेंटिमीटरची फट ठेवायची आणि त्यावर पूल नुसता टेकवायचा, बांधायचा नाही. मधोमध आकडा, आकड्याला बादली, बादलीत मापाने पाणी. लिटरला किलो, हिशेब सोपा. पाण्याने भागलं नाही की रेतीच्या पिशव्या. पूल मोडेपर्यंत थांबायचं नाही.

नंबर कसा काढायचा? पुलाने जेवढं वजन पेललं त्याला पुलाच्या स्वतःच्या वजनाने भागायचं. ज्याचा भागाकार मोठा तो पहिला. रंगरंगोटीला शून्य गुण.

याच्यावरून थोडी ओढाताण झाली, ती लपवण्यात अर्थ नाही. गेल्या वर्षी याच विज्ञान प्रदर्शनात पूल होतेच. रंगवलेले, बारीक दिवे लावलेले, खाली निळा कागद आणि त्यावर कागदाची होडी. दिसायला झक्कास. परीक्षक आले, फोटो काढले, नंबर देऊन चहा पिऊन गेले. यातला कोणता पूल उभा राहील आणि कोणता दोन किलोंत बसेल, हे शेवटपर्यंत कोणालाच कळलं नाही. यंदा सोसायटीने बक्षिसाचे पैसे देऊ केले, ते एकाच अटीवर: वजन टाकायचं. एक-दोन शिक्षकांना ते पटलं नाही. मुलांचं मन मोडेल असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची काळजी खोटी नव्हती, पण अट आम्ही सोडली नाही.

ही पद्धत आपण शोधलेली नाही. अमेरिकेत शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत 1970 च्या दशकापासून शाळकरी मुलांची लाकडी पुलांची स्पर्धा चालते. तिथे बासवुड नावाच्या हलक्या लाकडाच्या चौकोनी काड्या वापरतात, जाडी अडीच मिलिमीटरला थोडी कमी. त्यांचा अख्खा पूल काही ग्रॅमांचा असतो, आणि चांगला जमला तर स्वतःच्या वजनाच्या हजारपटीहून जास्त भार घेतो. तिथेही नंबर भागाकारावरच लागतो, आणि तिथेही पूल मोडतातच. आपल्याकडे इंजिनीअरिंग कॉलेजांतली मुलं महोत्सवात हाच खेळ आईस्क्रीमच्या काड्यांनी खेळतात. तो शाळेत आणायला हरकत काय, एवढाच आमचा विचार.

स्पर्धा मुद्दाम जुलैच्या शेवटी ठेवली. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, घरची मोठी माणसं मोकळी. होड्यांची डागडुजी करणारे आपले मेस्त लोकही त्या दिवसांत हाताशी सापडतात. त्यातल्या दोघांना शाळेत बोलावलं. ते पुलावर बोलले नाहीत, होडीवर बोलले. पण त्याचा उपयोग पुलांना झाला.

आता मोडण्याची गोष्ट.

पहिल्या गटाने डोकं चालवलं ते असं: सगळ्या काड्या एकावर एक चिकटवून जाड फळी केली. दणकट दिसत होती, हातात घेतली तर लाकडाचा ठोकळाच. 14 किलोंवर मधून खाली झुकायला लागली आणि 17 ला थर सुटत सुटत गेली. एवढं लाकूड असून असं का? कारण मधोमध वजन आलं की कोणत्याही फळीची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. मधलं लाकूड जवळपास काहीच करत नाही. फेरीबोटीत पायी जाणाऱ्या माणसासारखं फुकट प्रवास करतं. तेच लाकूड वर आणि खाली वाटून, मध्ये पोकळी ठेवून वापरलं तर पूल उंच होतो आणि कितीतरी जास्त पेलतो.

दुसऱ्या गटाला एवढं कळलं होतं. त्यांनी वर एक पट्टी, खाली एक पट्टी आणि मध्ये उभ्या काड्या लावल्या. शिडी आडवी ठेवावी तसं. दिसायला नीट, पण 6 किलोंतच सगळे चौकोन तिरके होऊन पूल एका अंगाला कलला. एकही काडी मोडली नव्हती! मासळी सुकवायला मांडव घालतो तेव्हा चार कोपऱ्यांना तिरकी काठी का मारतो, हे आपल्यापैकी कोणाला सांगावं लागत नाही. चौकोन कोपऱ्यांत हलतो. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू तेवढ्याच राहिल्या तर त्याचा आकार बदलूच शकत नाही. 1840 च्या दशकात अमेरिकेत हाऊ आणि प्रॅट, इंग्लंडात वॉरन, यांनी पुलातले त्रिकोण कसे मांडायचे याची पेटंटं घेतली आणि आजही पुस्तकांत पुलांचे ते प्रकार त्यांच्याच नावाने शिकवतात. लांब कशाला जा, जुवारीवरचा कोकण रेल्वेचा पूल बघा. मधला, बोटी जायचा जो गाळा आहे, तिथे लोखंडी त्रिकोणांची जाळी उभी आहे. गाडीतून दिसते, होडीतून तर फारच छान दिसते.

बाकी बहुतेक गटांनी त्रिकोण केले होते. पण त्रिकोण केले म्हणजे झालं असंही नाही, आणि खरी मजा इथून पुढे आहे.

तिसऱ्या पुलाला 21 किलोंवर वरची एक लांब पट्टी धनुष्यासारखी वाकून बाहेर आली. मोडली नाही, आधी वाकली, मग सगळं खाली आलं. हे कशासारखं? उथळ पाण्यात लांब बांबूने होडी रेटताना बांबू मधून वाकतो ना, तसं. आखूड बांबू वाकत नाही. दाबाखालची काठी किती भाराला अशी वाकते, याचा हिशेब ऑयलर नावाच्या स्विस गणितज्ञाने अठराव्या शतकात मांडून ठेवला आहे. लांबी दुप्पट झाली की ताकद निम्मी होत नाही, पाव होते. म्हणून दाबातली काडी आखूड हवी, नाहीतर तिला मध्ये आधार हवा.

आणि अजून एक गंमत. दोन काड्या नुसत्या शेजारी ठेवल्या तर वाकण्याला दुप्पट विरोध करतात. पण त्याच दोन काड्या एकमेकींवर पूर्ण चिकटवल्या तर आठपट! जाडी दुप्पट झाली की कडकपणा दोन गुणिले दोन गुणिले दोन असा वाढतो. हे फळ्यावर सांगितलं तेव्हा कोणी वर बघितलं नाही. हातात एक काडी आणि दोन चिकटवलेल्या काड्या दिल्या, वाकवून बघा म्हटलं, तेव्हा मागच्या बाकावरची पोरं उठून पुढे आली.

कोणती काडी दाबात आहे आणि कोणती ताणात, हे ओळखायचं कसं? त्याला आपल्या पोरांनीच एक युक्ती काढली. मनातल्या मनात त्या काडीच्या जागी दोरी लावायची. पूल उभा राहिला तर ती काडी ताणात. कोसळला तर दाबात. दोरी ओढते, ढकलत नाही. जाळं ओढणाऱ्या घरातल्या मुलांना हे पुस्तकातून शिकवावं लागलं नाही. नियमात सुती दोरा दिला होता तो त्यासाठीच, पण दोनच गटांनी त्याचा नीट उपयोग केला. त्यांनी ताणातल्या ठिकाणी काड्या वाचवून दोरा ओढून बांधला आणि वजन कमी केलं.

एका गटाने दोऱ्यांचा झुलता थाट केला होता. मधोमध उंच खांब, खांबावरून दोन्हीकडे तिरक्या दोऱ्या, पणजीच्या अटल सेतूसारखा किंवा जुवारीच्या नव्या पुलासारखा. डोलकाठीला चारी बाजूंनी दोर ताणून उभी करतात तीच कल्पना. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. पण सुती दोरा ताण आला की लांबतो. खांब जागचा हलला नाही, पूल मात्र खाली खाली जात टेबलांच्या मधून निसटला. 5 किलो. पोरं हिरमुसली. खऱ्या पुलांत तिथे पोलादी तारांचे जाड वेठ असतात आणि प्रत्येक वेठ किती ताणायचा याचा हिशेब असतो. दोष कल्पनेचा नव्हता, दोऱ्याचा होता, हे त्यांना सांगितलं. पटलं की नाही, देव जाणे.

आता सांध्यांकडे येतो, कारण एकूण 14 पुलांपैकी 9 पूल सांध्यांत गेले. लाकूड तसंच, सांधा सुटलेला.

मेस्तकाकांनी पहिल्याच दिवशी हे सांगून ठेवलं होतं. त्यांचं वाक्य जसंच्या तसं: "अगो बाय, फळी फुटून होडी बुडालेली मी क्वचित बघितली. पाणी येतं ते सांध्यातून." जुन्या रापणीच्या होड्या आठवा. फळ्या काथ्याने शिवलेल्या असायच्या, एक लोखंडी खिळा नाही. शिवण ढिली झाली की होडी गेली, मग लाकूड कितीही चांगलं असो. फायबर आल्यापासून ती शिवण करणारे हात कमी झालेत. पण सांध्याची अक्कल त्या हातांत अजून आहे, आणि ती या पोरांपर्यंत पोचावी हा आमचा एक छुपा हेतू होताच.

त्यांनी दोन गोष्टी करून दाखवल्या. काडीच्या टोकाला टोक लावून गोंद लावला तर तो सांधा नावापुरताच. लाकडाच्या नळ्या टोकाला उघड्या असतात, गोंद आत शोषला जातो आणि धरायला पृष्ठभागही कमी. त्याऐवजी काड्या एकमेकींवर चढवायच्या, किंवा जोडावर तिसऱ्या काडीचा तुकडा दोन्हीकडे जाईल असा बसवायचा. दुसरी गोष्ट, सगळे जोड एका रेषेत आणायचे नाहीत. खालच्या थराचा जोड इथे, तर वरच्याचा चार बोटं पुढे. होडीच्या फळ्यांचे जोड कधी एकाखाली एक येऊ देत नाहीत, तसंच. बस्स. एवढं ज्यांनी ऐकलं त्यांचे पूल 25 च्या वर गेले.

गोंदाचंही एक शास्त्र आहे. पांढरा गोंद म्हणजे पाण्यात कालवलेला असतो. त्यातलं पाणी निघून गेलं की तो पकडतो. जुलैतल्या आपल्या हवेत पाणी निघून जाणार कुठे? कपडे चार दिवस वाळत नाहीत तिथे फेविकॉल कसा वाळेल! ज्यांनी संध्याकाळी चिकटवून सकाळी पूल उचलला, त्यांचे सांधे आतून ओलेच होते. हुशार गटांनी कपड्यांचे चिमटे लावून दिवस-दिवस दाबून ठेवलं, आणि एका गटाने तर घरी चुलीच्या वरच्या मांडणीवर, जिथे सुकी मासळी ठेवतात, तिथे पूल ठेवला होता. त्यांच्या पुलाला बांगड्याचा वास येत होता, परीक्षकांनी नाक मुरडलं. पण सांधे दगडासारखे. गोंद जास्त ओतला म्हणजे जास्त पकडतो हाही गैरसमज निघाला. पातळ थर आणि दाब, एवढंच लागतं. उरलेला गोंद नुसता वजन वाढवतो.

वजनावरून आठवलं. सगळ्यात जास्त वजन पेललं ते एका दहावीच्या गटाच्या पुलाने, 47 किलो. त्यांना पहिला नंबर मिळाला नाही आणि एका मुलाचे वडील चिडले. "सगळ्यांपेक्षा जास्त उचललं, अजून काय पाहिजे?" त्यांचा पूल 212 ग्रॅमचा होता, निम्मा फेविकॉलच. भागाकार जवळपास 222 आला. नववीच्या एका गटाचा पूल 162 ग्रॅमचा, त्यांनी 91 काड्याच वापरल्या होत्या. तो 41 किलोंवर मोडला. भागाकार 253. मग त्या वडिलांना त्यांच्याच भाषेत सांगितलं: बोटीला गरजेपेक्षा जड इंजिन बसवलं तर मासळी भरायला जागा कुठे राहणार? मोठ्या खऱ्या पुलाचंही तसंच. त्याच्या ताकदीचा मोठा भाग स्वतःलाच उचलून धरण्यात जातो, गाड्यांची पाळी नंतर. ते हसले खरे, पण पुरते पटले नसावेत.

आता आजींच्या प्रश्नाचं उत्तर. मोडले कशाला?

नियमात आम्ही एक कलम घातलं होतं, ते व्हिडिओत दिसत नाही. वजन टाकायच्या आधी प्रत्येक गटाने पुलावर पेन्सिलीने खूण करायची: आमचा पूल इथे मोडेल. आणि कागदावर एक ओळीत कारण. बरोबर निघालं तर वेगळं बक्षीस. पहिल्यांदा सगळ्यांना हा अपशकुन वाटला. आपल्याच पुलावर आपणच मोडायची खूण कशी करायची? एका गटाने तर "मोडणार नाही" असं लिहून दिलं. मोडला.

बहुतेकांनी खूण मधोमध केली, कारण बादली मधोमध. फक्त एका गटाने टेबलाच्या कडेजवळच्या एका सांध्यावर केली. आठवीतल्या मुली. कारण लिहिलं होतं, "हा सांधा त्या मोठ्या पावसाच्या दिवशी चिकटवला." 33 किलोंवर बारीक 'टक' असा आवाज आला, त्या चौघी एकदम ओरडल्या, आणि पुढच्या तांब्याला पूल बरोबर त्याच सांध्यात उघडला. पूल मोडला म्हणून एवढा आनंद झालेली माणसं आम्ही पहिल्यांदा बघितली. पहिल्या नंबरापेक्षा हे बक्षीस मोठं, असं आमचं स्पष्ट मत आहे. आपण केलेल्या वस्तूत कमजोर जागा कुठे आहे हे आधीच ओळखणं, त्याला कारण देणं, आणि मग ते सगळ्यांसमोर तपासून बघणं. कपाटात ठेवलेल्या पुलाने हे कधी शिकवलं नसतं. मोडलेले पूल फेकले नाहीत, ते सोसायटीच्या ऑफिसात आहेत. सुटलेल्या सांध्यांवर मुलांनी लाल रंग लावलाय. आजींनी जरूर येऊन बघावे.

आता हे सगळं मच्छीमारांच्या पेजवर कशाला, असं कोणी विचारेल. तर पुलाखालून रोज जाणारे आपणच आहोत.

पणजीचा मांडवीवरचा पहिला पूल 5 जुलै 1986 ला कोसळला. बांधून पुरती वीस वर्षंही झाली नव्हती. काँक्रीटच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेने गंजल्या, हे त्याचं मुख्य कारण मानलं गेलं. नवा पूल होईपर्यंत कितीतरी वर्षं लोक पुन्हा फेरीबोटींच्या रांगेत उभे राहिले, आपल्यातल्या जुन्या मंडळींना ते चांगलं आठवतं. मे 2017 मध्ये सावर्डे-कुडचडेचा पोर्तुगीजकालीन पादचारी पूल पडला. तो वापरायला बंदच होता. पण नदीत शोधकार्य चालू होतं ते बघायला गर्दी त्यावर चढली. आणि 7 ऑगस्ट 2024 ला मध्यरात्रीनंतर कारवारचा काळी नदीवरचा जुना पूल गेला. वय चाळिशीचं. एक ट्रक थेट पाण्यात. त्या चालकाला अंधारात बाहेर काढलं त्यात तिथले स्थानिक मच्छीमार होते. पूल पडला की सगळ्यात आधी होडी लागते, आणि होडी आपली असते.

काड्यांचा पूल दोन गोष्टी शिकवू शकत नाही: मीठ आणि काळ. त्याच्यावर एकदाच, दहा मिनिटांत वजन येतं. खऱ्या पुलावर वर्षानुवर्षं तेच वजन येतं आणि आतून लोखंड गंजत राहतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो. त्याला जागा हवी म्हणून तो काँक्रीट आतून फोडतो. आधी तांबूस ओघळ, मग बारीक चीर, मग पोपडा, मग उघडी सळई, असा तो क्रम. आणि हे सगळ्यात लवकर होतं कुठे? भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात. तिथे खांब रोज दोनदा खाऱ्या पाण्यात भिजतो, दोनदा वाळतो, हवाही भरपूर लागते. कायम पाण्याखाली असलेल्या भागापेक्षा या पट्ट्याचे हाल जास्त. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला जो भाग दिसतच नाही, तोच आपल्या डोळ्यांसमोरून रोज जातो.

दुसरं, पाया. प्रवाह खांबाला आपटून वळतो तेव्हा त्याच्या बुडाची रेती उकरून नेतो. खांबाशेजारी खोल डोह पडतो. तिथे चोणक लागतो म्हणून आपण खूश. पण तोच डोह वाढत गेला तर खांबाचा पाया उघडा पडतो. त्यात आसपास रेती उपसली जात असेल तर मग विचारायलाच नको. डोह गेल्या वर्षीपेक्षा किती खोल झाला, हे गरी टाकणाऱ्याच्या हाताला जेवढं नेमकं कळतं तेवढं लांबून कोणाला कळणार?

म्हणून नारळी पौर्णिमा झाल्यावर, पाणी जरा निवळलं तेव्हा, स्पर्धेतल्या 11 मुलांना लाइफ जॅकेट घालून दोन होड्यांतून पुलाखाली नेलं. ओहोटी बघून गेलो. प्रत्येकाकडे वही. खांबांना नंबर दिले आणि जे दिसलं ते लिहिलं, चित्र काढलं. तांबूस ओघळ कुठे, पोपडा कुठे, एका जोडात पिंपळाचं रोप उगवलेलं. एका मुलाने विचारलं, "काका, याच्यावर पण मोडायची खूण करू?" आम्ही म्हटलं, खूण कर, पण वहीत. त्याने केली. त्या आठवीतल्या मुलींपैकी दोघी तिथेही होत्या आणि त्यांचा एका खांबावरून बराच वेळ वाद चालला होता.

वहीतलं सगळं बरोबर असेलच असं नाही. मुलं इंजिनिअर नाहीत आणि आपणही नाही. ओघळ म्हणजे धोका असंही प्रत्येक वेळी नसतं, ते ठरवायचं काम ज्यांचं त्यांनी करायचं. पण बघितलेलं कळवणं आपल्या हातात आहे. फोटो आणि खांबांच्या नंबरांसकट पत्र संबंधित खात्याला दिलंय, पोच घेतलीय. कोणता पूल ते इथे मुद्दाम लिहीत नाही, उगाच घबराट नको. उत्तर आलं की पेजवर टाकू. नाही आलं तर तेही टाकू.

सभासदांना एक विनंती. रोजच्या वाटेवरच्या पुलाखाली नवीन चीर, उघडी सळई, बार्ज आपटल्याची खूण किंवा डोह एकदम खोल झाल्याचं दिसलं, तर मोबाईलवर फोटो काढा आणि सोसायटीत आणून दाखवा. कुठला खांब, कुठली बाजू, भरती होती की ओहोटी, एवढं सांगा. आता ऑफिसात त्यासाठी वेगळी वही ठेवली आहे, तिची पहिली पाच पानं मुलांनी भरलीत.

पुढच्या वर्षीची स्पर्धा पुन्हा बंदीच्या काळातच, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. नियमांत दोन बदल ठरले आहेत. बादली मधोमधच असेल असं नाही, ती कुठे लटकवायची याची चिठ्ठी आयत्या वेळी काढणार. सावर्ड्याच्या पुलावर गर्दीने काय जागा विचारून उभं राहायचं ठरवलं होतं? आणि आईस्क्रीमच्या काड्यांबरोबर एक गट आपल्या लाकडाचाही असेल. मेस्त लोकांकडे फणसाच्या, सागवानाच्या चिरफळ्या पडून असतात, मानशीच्या दारांच्या दुरुस्तीतून मत्तीचे तुकडेही मिळतात. खाऱ्या पाण्यात टिकणारं म्हणून मत्तीचं नाव आहे, मग ती वजनाला कशी वागते तेही बघू. ज्यांच्याकडे असे तुकडे असतील त्यांनी जाळू नका, बाजूला ठेवा. एक चांगला ताणकाटाही हवाय, 100 किलोपर्यंतचा. शाळेचा 50 वर संपतो, आणि 47 पर्यंत पोरं यंदाच पोचली आहेत.